सव्वासात

गोडोलीच्या उतारावर दस्तगीर मुलाणीचं गॅरेज.
जुन्या वर्तमानपत्रावर त्यानं तीन पिस्टन मांडलेत,
एक सपाट डोक्याचा, एक किंचित फुगीर,
एक चक्क घुमट.
बाजूला अण्णांच्या बुलेटमधून निघालेला,
काजळीनं तव्याच्या पाठीसारखा झालेला.

मी विचारलं, "यांतला चांगला कुठला?"
तो म्हणाला, "कुणासाठी?"

अल्ताफला, त्याच्या भाच्याला, घुमटच हवाय.
"आठ करू ताई, आठला एक!
यवतेश्वर तिसऱ्यावर चढल."
एकोणीस वर्षांचा आहे,
गुडघे अजून सांगितलेलं ऐकतात त्याचे.

मी परळीच्या दवाखान्यात नर्स. बावीस वर्षं झाली.
दस्तगीरनं माझ्याकडून एकच वस्तू मागवली होती,
पन्नासची सिरिंज, कोरी.
हेड उलटं ठेवलं, कडेला ग्रीस,
वर काच, काचेला एक भोक.
"तू भर," म्हणाला, "तुझा हात हलत नाही."
रॉकेल आत गेलं. पन्नास. पुन्हा ओढलं.
काचेखाली एक बुडबुडा अडून बसला,
सलाइनच्या नळीत बसतो तसा.
टिचकी मारली. गेला.
वर तेरा. एकूण त्रेसष्ट.
मी पुसून परत भरलं. त्रेसष्टच.

मग भिंतीवर खडूनं भागाकार.
बोअर वाढवल्यावर तीनशे छप्पन्न,
भागिले त्रेसष्ट, त्यात एक मिळव.
सपाट घातला तर साडेसहाच्या जरा वर,
घुमट घातला तर आठ,
आणि मधला,
दस्तगीरनं खडू कानाला अडकवला,
"मधला सव्वासात."

अण्णा दूध संघात होते.
कॅनचं झाकण निघालं की आधी वास घ्यायचे,
मग लॅक्टोमीटर सोडायचे,
आणि तो तरंगून थांबेपर्यंत
शेतकऱ्याच्या तोंडाकडे अजिबात बघायचे नाहीत.
आकडा फारच घसरला तर म्हणायचे,
"म्हशीनं काल पाणी जास्त प्यायलंय वाटतं."
याच गाडीवर. लिंब, वडूथ, परळी.
इंजिन कधी उघडावं लागलं नाही, हे घरात सगळ्यांना पाठ.

दस्तगीरनं जुन्या पिस्टनची काजळी पत्र्यानं खरवडली
आणि मला अंगठ्यानं दाखवलं: वीस.
"एकदा बोअर झालंय हिचं. वीस हजारांश.
आता चाळीस. मग साठ.
त्याच्या पुढं भिंतच उरत नाही, लायनर ठोकायचा."
मी घरी फोन लावला.
आईनं सगळं ऐकून घेतलं,
थोडा वेळ टीव्हीचाच आवाज आला, मग म्हणाली,
"तरीच. माझ्या कुड्या कुठं गेल्या म्हटलं."

अल्ताफ अजून आठवरच.
"पेट्रोल काय घालणार?"
पोवई नाक्यावर मिळतं ते.
"मग चढाला घुंगरं वाजतील आत," दस्तगीर म्हणाला,
"आणि ती घुंगरं बुडाला भोक पाडतात.
आणि किक कोण मारणार?"

मी.
उजवा गुडघा, एक्कावन्न वर्षांचा,
बाळंतिणींच्या खाटांखाली वाकून वाकून
पायरी उतरताना कुरकुरणारा.
त्यानं तो गुडघा नीट पाहिला,
फीलर गेज हातात असल्यासारखा.

मधला उचलला मी.
हलका निघाला, वाटला त्याहून.

आठवड्यानं तयार झाली. अल्ताफ रुसून मागं उभा.
चावी दिली. अँमीटरची सुई मध्यावर येईपर्यंत
पाय हळूहळू दाबत नेला,
डीकॉम्प्रेसरचा खटका ओढला,
सुस्कारा सोडला तिनं.
पहिली किक वाया. दुसरीनं पोटरीवर फटका मारला,
माझ्या तोंडून नर्सला न शोभणारा शब्द गेला.
तिसरीला

पत्रे हलले. चहाचा ग्लास वर्तमानपत्रावर सरकत गेला.
"पाचशे किलोमीटर पळवायची नाही,"
दस्तगीर ओरडून सांगत होता,
"चाळीसच्या वर नाही, ऐकतेस का?"

ऐकत होते. पण त्याचं नाही.